हिऱ्यातले अणू आणि त्यांच्या चुका: गुजरीत, उद्यमनगरात आणि कॉलेजच्या पोरांकडून सारखे येणारे प्रश्न

मी शिवाजी विद्यापीठातून फिजिक्समध्ये एमएससी केलं, लग्नानंतर कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, घरच्या दुकानात बसायला लागले आणि धाकट्या दिरांचं उद्यमनगरात ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे, त्यामुळं हिऱ्याबद्दलचे प्रश्न तिन्ही बाजूंनी येतात. गिऱ्हाईक विचारतं, मशीनवरचा माणूस विचारतो, बीएस्सीची पोरं रात्री अकराला व्हॉट्सॲपवर विचारतात. सगळ्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिलीत. सुरुवात सोपी आहे, पुढं पुढं अवघड होत जातं, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथं नंबर दिलाय.

१. ताई, हिरा म्हणजे शेवटी कोळसाच ना?

नाही. दोन्हीत कार्बन आहे एवढंच खरं. दगडी कोळसा झाडपाल्यापासून होतो, त्यात हायड्रोजन, गंधक, राख असलं सगळं मिसळलेलं असतं. आणि बहुतेक हिरे जमिनीवर झाडं यायच्या कितीतरी आधीचे आहेत, १०० कोटी ते ३५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली साधारण १५० ते २०० किलोमीटरवर तयार झालेले आणि नंतर किंबरलाइट नावाच्या ज्वालामुखी खडकाबरोबर वर आलेले. हिरा कार्बनच आहे हे जाळूनच कळलं बघा. फ्रान्समधे लाव्हाझिए १७७२ पासून हिरे जाळून बघत होता आणि १७९७ मधे इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटनं दाखवलं की हिरा जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड मिळतो तेवढाच तितक्याच वजनाच्या लाकडी कोळशातून मिळतो.

२. पेन्सिलीतलं ग्राफाइट पण कार्बनच, मग ते मऊ आणि हिरा इतका कठीण कसा?

अणू तेच, एकमेकांना धरायची पद्धत वेगळी. ग्राफाइटमधे प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांना धरतो, सगळे मिळून सपाट पत्रा होतो, आणि हे पत्रे एकमेकांवर नुसते टेकलेले असतात, मधलं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम. कागदावर घासलं की पत्रे सुटतात आणि तेच आपलं अक्षर. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरतो, चारही बंध सारखेच मजबूत, प्रत्येकाची लांबी १.५४ अँगस्ट्रॉम, आणि सैल बाजू कुठंच नाही. अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, हे एकदा लक्षात ठेवा, पुढं सारखं लागणार आहे.

३. अणूंची ही रचना डोळ्यासमोरच येत नाही. घरी मॉडेल करता येईल का?

येतं, आणि करूनच बघा, पुस्तकातल्या चित्रापेक्षा लवकर कळतं. भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक घ्या. एका वाटाण्यात चार काड्या खोचायच्या, तीन खाली तिवईच्या पायांसारख्या फाकलेल्या आणि एक सरळ वर, पण कुठल्याही दोन काड्यांतला कोन सारखाच हवा, १०९.५ अंश. प्रत्येक काडीच्या टोकाला नवा वाटाणा, त्यालाही चार काड्या, असं वाढवत जायचं. दहाबारा वाटाणे झाले की सहा सहाची कडी जुळायला लागते, सपाट नाही, एक वर एक खाली अशी वाकलेली.

माझ्या मुलीनं शाळेच्या प्रदर्शनासाठी हे केलं तेव्हा खालच्या थरात एकच काडी तिरकी गेली होती. तिथं काही कळलं नाही. तिसऱ्या थराला पोचल्यावर कडी जुळेचना, शेवटच्या वाटाण्यापर्यंत काडी पोचत नव्हती, ओढून लावली की शेजारची निघायची. शेवटी तळापासून सगळं उसवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न १० मधे परत लागणार आहे.

परीक्षेसाठी पाहिजे असेल तर: फेस सेंटर्ड क्युबिकच्या दोन जाळ्या, त्यातली एक दुसरीत घनाच्या कर्णाच्या पाव भागानं सरकवलेली. घनाची बाजू ३.५६७ अँगस्ट्रॉम. घनात अणू ८, कोपऱ्यांचे मिळून १, पृष्ठांचे मिळून ३ आणि आतले पूर्ण ४. सिलिकॉन आणि जर्मेनियमची रचना हीच आहे, फक्त घन मोठा.

४. वाचलं की हिऱ्यात फक्त ३४ टक्के जागा भरलेली असते. मग तो पोकळ म्हणायचा का?

अणूंना गोट्या धरलं तर ३४ टक्के बरोबर आहे. सोन्यात तोच आकडा ७४ येतो, कारण सोन्याचे अणू बाजारातल्या संत्र्यांच्या राशीसारखे एकमेकांच्या खोबणीत बसतात. हिऱ्यात कोन सांभाळायचे असल्यामुळं तशी दाटी करता येत नाही. पण कार्बनचा अणूच इतका लहान आणि बंध इतके आखूड की एका घन सेंटिमीटरमधे १.७६ गुणिले १० चा २३ वा घात एवढे अणू मावतात, आणि ओळखीच्या पदार्थांत याच्यापेक्षा दाट वस्ती नाही. घनता ३.५२, ग्राफाइटची २.२६. त्या दाट वस्तीतून जाताना प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा २.४२ पट कमी होतो. जुनी माणसं हिऱ्याचं ‘पाणी’ म्हणतात त्यातला मोठा वाटा याच आकड्याचा.

५. अणू दिसत नाहीत तर ही रचना शोधली कुणी?

विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या बापलेकांनी, १९१३ मधे, एक्स-रे वापरून. एक्स-रेची लहरलांबी अणूंमधल्या अंतराइतकीच असते, त्यामुळं अणूंच्या थरांवरून ते ठराविक कोनातच परत उसळतात आणि त्या कोनांवरून थरांमधलं अंतर काढता येतं. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं तेव्हा मुलगा २५ वर्षांचा होता. आपले सर सी. व्ही. रामन हिऱ्याच्या मागं लागले होते ते प्रश्न ११ मधे सांगते, कारण ती गोष्ट खरी चुकांचीच आहे.

६. सगळ्यात कठीण आहे तर पडल्यावर हिऱ्याचा टवका कसा उडतो?

कठीण म्हणजे ओरखडा न येणारा. न फुटणारा हा वेगळा गुण आणि तो हिऱ्यात बेताचाच आहे. जाळीत काही दिशा अशा आहेत की तिथं दोन थरांना जोडणारे बंध क्षेत्रफळाच्या मानानं सगळ्यात कमी आहेत, अष्टफलकाच्या, म्हणजे आठ त्रिकोणी पृष्ठांच्या आकाराच्या, पृष्ठांना समांतर, आणि अशा चार दिशा असतात. त्या दिशेनं धक्का बसला की हिरा सरळ चिरतो.

दिरांच्या वर्कशॉपमधे ग्राइंडिंग व्हील साफ करायला सिंगल पॉइंट डायमंड ड्रेसर लावतात. एकदा नवीन पोरानं ड्रेसर आधी टेकवला आणि कूलंट मागनं सोडला. तापलेल्या खड्यावर गार कूलंट, एका क्षणात फुटला. तो तुकडा मी भिंगाखाली धरला तर तुटलेली बाजू आरशासारखी सपाट, फुटलेल्या काचेसारखी वाकडीतिकडी नाही, आणि तिरका धरल्यावर त्यावर अगदी बारीक पायऱ्या दिसत होत्या, सगळ्या एकाच दिशेच्या. अणूंची शिस्त उघड्या हातात धरायला मिळाली ती तेव्हाच. म्हणून कूलंट आधी, टेकवायचं नंतर, आणि ड्रेसर थोडा थोडा फिरवत राहायचं. आणि कृपा करून घणाखाली टिकेल तो खरा हिरा या जुन्या समजुतीवर कुणी अंगठी तपासू नका, खराच हिरा फुटेल.

७. हिऱ्यानंच हिरा घासतात तर दोन्ही सारखेच झिजायला पाहिजेत ना?

हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. घनाच्या पृष्ठावर बाजूला समांतर घासलं तर बऱ्यापैकी घासला जातो, अष्टफलकाच्या पृष्ठावर जवळजवळ दादच देत नाही. पैलू पाडणारा खडा फिरवून फिरवून मऊ दिशा शोधतो, आणि बिडाच्या चाकावर जी हिऱ्याची पूड तेलात कालवून लावलेली असते तिचे कण सगळ्या दिशांना तोंड करून असतात, त्यातले काही कठीण बाजूनं लागतातच.

८. डायमंड टूलनं लोखंड का कापायचं नाही म्हणतात? आमच्याकडं सगळं कास्टिंगचंच काम आहे.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडून हा प्रश्न हमखास येतो. कापताना टोक तापतं, आणि तापलेलं लोखंड कार्बन शोषून घेतं. शिवाय लोखंडाच्या संगतीत हिऱ्याचं ग्राफाइट व्हायला लवकर सुरुवात होते. टूल झिजतं ते घासून कमी आणि विरघळून जास्त. म्हणून ॲल्युमिनियमला पीसीडी, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण एकत्र दाबून केलेलं टूल, आणि बिडाला किंवा कडक केलेल्या स्टीलला सीबीएन, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइड. गंमत बघा, सीबीएनची रचनासुद्धा हिऱ्याचीच आहे, फक्त कार्बनच्या जागी आळीपाळीनं बोरॉन आणि नायट्रोजन.

९. सर्टिफिकेटवर आयएफ (इंटर्नली फ्लॉलेस) लिहिलंय. म्हणजे आत काहीच खोट नाही ना?

हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो, आणि ‘खोट’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यामुळं सगळा घोळ होतो, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

सर्टिफिकेटवरची क्लॅरिटी दहा पटीच्या भिंगातून ठरते. भिंगाला दिसतो तो डाग: आत अडकलेला दुसऱ्या खनिजाचा कण, बारीक चीर, ढगासारखा पट्टा. काही मायक्रॉनपेक्षा लहान असेल ते भिंगाला दिसतच नाही. आता एका मायक्रॉनच्या लांबीत हिऱ्याच्या जाळीचे साधारण २८०० घन ओळीनं बसतात. म्हणजे भिंगाला दिसणारा सगळ्यात बारीक ठिपकासुद्धा अणूंच्या हिशेबानं अख्खं कोल्हापूर शहर आहे, आणि आपण बोलतोय ते एका घरातल्या एका माणसाबद्दल.

दुसरा हिशेब. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यात अणू किती? एकावर बावीस शून्यं. दर दहा लाख अणूंमागं फक्त एक नायट्रोजन असला तरी त्या खड्यात एकावर सोळा शून्यं इतके नायट्रोजन झाले. आणि खाणीतल्या हिऱ्यात दहा लाखांमागं शेकडो, कधी हजारावर नायट्रोजन सापडतात. असा हिरा सर्टिफिकेटवर आरामात आयएफ असू शकतो, आणि उलट ज्यात नायट्रोजन मोजताच येत नाही असा खडा डागांनी भरलेला असू शकतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

म्हणून मी दुकानात शब्दच वेगळे वापरते. भिंगातून दिसतो तो डाग, जाळीत असते ती चूक. डागानं किंमत उतरते. चुकीनं रंग ठरतो, चमक ठरते, खडा खाणीतला की लॅबमधला ते कळतं, आणि काही वेळा किंमत शंभर पटीनं चढते.

१०. अणूंच्या चुका म्हणजे नक्की कसल्या कसल्या?

इचलकरंजीचं कापड डोळ्यासमोर आणा. एका ठिकाणी धागाच नाही, छोटं भोक, ती व्हेकन्सी, म्हणजे अणूची रिकामी जागा. एका ठिकाणी दुसऱ्या रंगाचा धागा घुसलाय, तो परका अणू, कार्बनच्या खुर्चीवर बसलेला नायट्रोजन किंवा बोरॉन. कार्बनच्या शेजारी नायट्रोजन आणि बोरॉनच का, तर दोघं आकारानं कार्बनच्या जवळचे, इतक्या घट्ट जाळीत मोठ्या अणूला जागाच मिळत नाही. निकेल किंवा सिलिकॉन क्वचित घुसतो तेव्हा तो एकाच्या नाही तर दोन रिकाम्या जागांच्या मधोमध बसतो. तिसरं म्हणजे दोन धाग्यांच्या मधे कोंबलेला जादा तुकडा, त्याला इंटरस्टिशियल म्हणतात.

या झाल्या ठिपक्याएवढ्या चुका. ओळीची चूक म्हणजे डिसलोकेशन: एक उभा धागा अर्ध्या कापडात संपतो, पुढचे धागे ती फट भरायला एकमेकांकडं सरकतात आणि कापड तिथं ताणलेलं राहतं. मुलीच्या मॉडेलमधली न जुळणारी कडी अशाच ताणाची होती. अशा ओळी खूप असल्या की पोलरायझरच्या (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या) दोन आडव्या-उभ्या लावलेल्या काचांमधे हिरा धरल्यावर करडे आणि रंगीत पट्टे दिसतात, खरं तर घनाकार स्फटिक तिथं पूर्ण काळा दिसायला पाहिजे.

आणि पृष्ठभर पसरलेली चूक. अणूंचे थर क, ख, ग, क, ख, ग अशा क्रमानं चढतात, मधेच एखादा थर चुकला तर तो स्टॅकिंग फॉल्ट, आणि एका थरापासून पुढं सगळा क्रमच उलटा झाला तर जुळा स्फटिक. खाणीतून येणारे चपटे त्रिकोणी कच्चे हिरे बघितले असतील तर ते बहुतेक असले जुळेच. सगळीकडंच क, ख, क, ख असा क्रम झाला तर त्या षट्कोनी हिऱ्याला लॉन्सडेलाइट म्हणतात, १९६७ मधे अमेरिकेतल्या कॅन्यन डायब्लो उल्केच्या तुकड्यात तो ओळखला गेला.

११. टाईप १ आणि टाईप २ हे काय असतं? डीलर टू-ए म्हणून जास्त पैसे मागतोय.

टाईप १ म्हणजे नायट्रोजन मोजता येण्याइतका, टाईप २ म्हणजे नाही. टाईप १-ए मधे नायट्रोजन घोळक्यानं असतो, खाणीतले ९५ टक्क्यांहून जास्त हिरे हेच. १-बी मधे एकेकटा, निसर्गात फार दुर्मिळ. २-ए मधे नायट्रोजन नगण्य, खाणीतल्या शंभरात एक-दोन, कोहिनूर आणि कलिनन त्यातलेच. २-बी मधे बोरॉन. टू-ए दुर्मिळ आहे हे खरं, पण आज लॅबमधे सीव्हीडीनं, म्हणजे वायूतून थर चढवायच्या पद्धतीनं, बनणारे बहुतेक हिरे टू-एच असतात, त्यामुळं नुसत्या ‘टू-ए’ शब्दावर पैसे वाढवून देऊ नका, आधी प्रश्न १५ वाचा.

ही विभागणी १९३४ मधे रॉबर्टसन, फॉक्स आणि मार्टिन या तिघांनी केली, कारण काही हिरे इन्फ्रारेड आणि अल्ट्राव्हायोलेट शोषतात आणि काही शोषत नाहीत असं त्यांना दिसलं. का ते कुणालाच कळेना. बंगळुरात रामन यांनी कितीतरी हिरे जमवून तपासले आणि मत मांडलं की हिऱ्याची रचनाच एकापेक्षा जास्त प्रकारची असली पाहिजे. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल यांनी एक्स-रेच्या आधारानं ते जोरात खोडून काढलं, वाद वर्षानुवर्षं चालला. १९५९ मधे कायझर आणि बाँड यांनी दाखवलं की फरक नायट्रोजनचा आहे. मला यात रामन यांच्याबद्दल आदरच वाटतो. त्यांनी बघितलेला फरक अगदी खरा होता, रचना एकच निघाली आणि फरक चुकांचा निघाला.

१२. नायट्रोजननं हिरा पिवळा होतो म्हणता, मग ९५ टक्क्यांत नायट्रोजन असून दुकानातले हिरे पांढरे कसे?

एकेकटा नायट्रोजन निळा प्रकाश जोरात शोषतो म्हणून दहा लाखांत थोडेसे असले तरी हिरा दाट पिवळा. पण जमिनीखालच्या उष्णतेत कोट्यवधी वर्षं पडून राहिल्यावर नायट्रोजन हळूहळू सरकत जोड्या करतात, आणि जोडी दिसणारा प्रकाश शोषतच नाही. आणखी वेळ आणि उष्णता मिळाली की चार नायट्रोजन एका रिकाम्या जागेभोवती बसतात, तेही रंगहीन. मधल्या वाटेवर तीन नायट्रोजन आणि एक रिकामी जागा असा घोळका होतो, त्याला एन-३ म्हणतात, तो ४१५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश शोषतो आणि त्यामुळं ती फिक्कट पिवळसर झाक येते जी आपण सर्टिफिकेटवरच्या के, एल, एम या रंगाच्या ग्रेडमधे बघतो. जोड्या किती आणि चौकड्या किती यावरून तो हिरा किती तापमानात किती काळ होता याचा अंदाज भूगर्भशास्त्रज्ञ काढतात.

१३. मग निळा, गुलाबी, हिरवा, तपकिरी कशामुळं?

निळा बोरॉनमुळं, दहा लाखांत एखादा किंवा त्याहूनही कमी बोरॉन पुरतो. बोरॉनकडं कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी, त्यामुळं हिऱ्यातून चक्क वीज वाहते. आपल्या गोवळकोंड्याच्या भागातून गेलेला होप हिरा, ४५.५२ कॅरेट, असाच, आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा बंद केल्यावर तो काही वेळ निखाऱ्यासारखा लाल दिसत राहतो.

तपकिरी आणि गुलाबीत परका अणू मुख्य नाही, जाळी दाबाखाली सरकलेली असते. तपकिरी रंग रिकाम्या जागांच्या गुच्छांचा, आणि प्रचंड दाबाखाली तापवून तो घालवता येतो, असे खडे १९९९ पासून बाजारात आहेत. गुलाबी हिऱ्यात रंग सरकलेल्या पट्ट्यांतच साठलेला दिसतो, भिंगातून बघितलं तर गुलाबी रेघा आणि मधे पांढरं. ऑस्ट्रेलियातली आर्गाइल खाण यासाठी नावाजलेली होती, ती २०२० मधे बंद झाली. हिरवा बहुतेक वेळा किरणोत्सर्गानं: शेजारच्या खडकातल्या युरेनियमच्या कणांनी अणू जागेवरून उडवले, नुसत्या रिकाम्या जागा राहिल्या. पण हे बहुधा वरच्या सालीपुरतंच असतं, पैलू पाडताना रंग निघून जातो. ४१ कॅरेटचा ड्रेसडेन ग्रीन आतपर्यंत हिरवा आहे म्हणून त्याचं एवढं कौतुक.

१४. यूव्ही टॉर्चखाली आजीच्या कुड्या निळ्या चमकल्या. खोट्या आहेत का?

नाहीत, उलट निर्धास्त व्हा. एकदा एक आजी सात सात खड्यांच्या जुन्या कुड्या घेऊन आल्या होत्या, कुणीतरी घाबरवलं होतं त्यांना. मागच्या खोलीत दिवा बंद करून टॉर्च मारला. चौदातले पाच निळे, त्यातला एक तर चांदण्यासारखा लख्ख, एक मळकट पिवळा, बाकीचे काळेच राहिले. आजी म्हणाल्या, एकाच कुडीत असं कसं गं? मी म्हटलं, आजी, चौदा खडे चौदा वेगवेगळ्या घरचे आहेत, एकत्र नंतर आलेत. निळी चमक त्या एन-३ घोळक्याची, प्रश्न १२ मधे आला तो, आणि तो व्हायला जमिनीखालचा काळ जावा लागतो. साधारण चारात किंवा तिनात एक हिरा कमीजास्त चमकतो. सगळे चौदा अगदी एकसारखे चमकले असते तर मला शंका आली असती.

१५. लॅबग्रोन हिरा खरा का खोटा? अणूंच्या पातळीवर फरक काय?

खरा. तोच कार्बन, तेच कोन, तेच १.५४ अँगस्ट्रॉम. अमेरिकन डायमंड म्हणून विकतात तो झिर्कोनिया, तो खोटा. फरक चुकांत आहे. एचपीएचटी, म्हणजे प्रचंड दाब आणि तापमानाची पद्धत, जी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधे डिसेंबर १९५४ ला जमली, त्यात वितळलेल्या लोखंड, निकेल, कोबाल्टमधून हिरा वाढवतात. नायट्रोजन आला तर एकेकटाच राहतो, जोडी करायला वेळ कुठं मिळतो, आणि कधी धातूचे कण अडकतात, असा खडा चुंबकाकडं हलतो. सीव्हीडीत, सुरतेकडचे बरेच हे, मिथेन आणि हायड्रोजनच्या तापलेल्या वायूतून हिऱ्याच्याच पातळ पट्टीवर थर चढवतात. त्यात डिसलोकेशन पट्टीपासून वरच्या दिशेनं वाढत जातात, आणि बऱ्याचदा यंत्राच्या आतल्या क्वार्ट्झमधून सुटलेला सिलिकॉन घुसतो, ७३७ नॅनोमीटरला त्याची रेघ दिसते.

अपवाद लक्षात ठेवा: लॅबमधला हिरा नंतर परत दाबाखाली तापवला तर नायट्रोजनच्या जोड्या होऊ शकतात, आणि खाणीतल्या टू-ए मधे एन-३ नसल्यामुळं तो निळा चमकत नाही. म्हणून एका खुणेवर निकाल नाही, लॅबमधे दोनतीन चाचण्या जुळवतात. डोळ्यानं किंवा भिंगानं ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मी पण ओळखू शकत नाही.

१६. डायमंड टेस्टरनं बीप दिला म्हणजे नक्की हिरा ना?

साधा टेस्टर उष्णता किती झपाट्यानं पळते ते बघतो. हिऱ्याची उष्णतावाहकता तांब्याच्या पाचपट, कारण हलके अणू आणि ताठ बंध. पण मॉयसनाइटला, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या खड्याला, पण तो बीप देतो, त्यासाठी वीज वाहते का बघणारा टेस्टर लागतो. आणि निळ्या बोरॉनवाल्या हिऱ्याला तोच वीजवाला टेस्टर मॉयसनाइट म्हणू शकतो. लॅबग्रोनला दोन्ही टेस्टर हिराच म्हणणार, कारण तो हिराच आहे.

१७. हिरा बसवलेली अंगठी रिपेअरला तापवली तर आतल्या चुका बदलतात का?

सोनाराच्या ज्योतीत आतलं काही बदलायला वेळच मिळत नाही. धोका बाहेरून आहे: साधारण ७०० अंशाच्या पुढं हवेतला ऑक्सिजन हिऱ्याचा पृष्ठभाग जाळायला लागतो आणि खडा दुधाळ होतो, म्हणून बोरिक ॲसिडचा लेप लावूनच तापवतात. पांढुरका झालेला खडा परत पॉलिश करून मिळतो, वजन थोडं जातं. मात्र किरणांचा मारा करून रंगवलेला खडा असेल तर आधी सांगा. ६०० ते ८०० अंशाला रिकाम्या जागा जाळीत फिरायला लागतात, त्या नायट्रोजनला जाऊन चिकटतात आणि हिरव्याचा रंग बदलू शकतो.

१८. एनव्ही सेंटर म्हणजे काय? क्वांटमच्या बातम्यांत सारखं येतंय.

मला सगळ्यात आवडणारी चूक. नायट्रोजन आणि त्याला लागूनच रिकामी जागा, एवढंच. तिथं एक जादा इलेक्ट्रॉन आला की हिरव्या लेझरनं ती लाल चमकते, ६३७ नॅनोमीटरपासून पुढं. आणि किती चमकते ते इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर, म्हणजे त्याच्या इवल्याशा चुंबकपणाच्या अवस्थेवर अवलंबून, म्हणजे स्पिन नुसता प्रकाश बघून वाचता येतो, तोही खोलीच्या तापमानाला, द्रव हेलियमशिवाय. २.८७ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह दिले की चमक कमी होते, आलेखात तिथं खाच दिसते. जवळ चुंबक आणला की ती एक खाच दोन होऊन बाजूला सरकते, दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानंसुद्धा साधारण एक मेगाहर्ट्झचा फरक पडतो. चुंबकीय क्षेत्र मोजायच्या जगातल्या सगळ्यात लहान यंत्रांपैकी एक म्हणजे दोन अणूंएवढी ही जागा. एकटं एनव्ही सेंटर पहिल्यांदा १९९७ मधे पकडलं गेलं, आणि मुंबईच्या आयआयटीत यावर काम चालू आहे, बीएस्सीच्या पोरांनी तिकडं जरूर बघावं. यासाठी मुद्दाम कार्बन-१२ चाच हिरा वाढवतात, कारण नेहमीच्या कार्बनमधे १.१ टक्का कार्बन-१३ असतो आणि त्याचं स्वतःचं चुंबकत्व मधे लुडबुड करतं.

१९. मग एकही चूक नसलेला हिरा बनवता येईल का?

बाकीच्या बऱ्याच पदार्थांत उष्णताच थोड्या रिकाम्या जागा तयार करत असते, त्या टाळता येत नाहीत. हिऱ्यात एक अणू काढायला लागणारी ऊर्जा इतकी मोठी की खोलीच्या तापमानाला आपोआप एकही रिकामी जागा व्हायला नको. आहेत त्या सगळ्या वाढताना राहिलेल्या किंवा नंतर किरणांनी पाडलेल्या, आणि बाहेर जाता येत नाही म्हणून अडकलेल्या. तत्त्वतः आतून स्वच्छ हिरा शक्य आहे, आणि लॅबवाले त्याच्या खूप जवळ गेलेत. पण हिरा कुठंतरी संपतोच, आणि जिथं संपतो तिथल्या अणूंना चौथा शेजारी नाही.

२०. त्या शेवटच्या अणूंचं काय होतं? आणि माझी अंगठी चारच दिवसांत मंद का दिसते?

दोन्हीचं उत्तर एकच. पृष्ठभागावरचा मोकळा बंध हायड्रोजन किंवा ऑक्सिजनला धरतो. हायड्रोजन धरलेला पृष्ठभाग पाण्याला लांब ठेवतो आणि तेलाला जवळ करतो. खाणीत याचा उपयोग करून चरबी लावलेल्या टेबलावरून ओला खडीचा लगदा सोडायचे, दगड पाण्याबरोबर वाहून जायचे आणि हिरे चिकटून राहायचे. तुमच्या अंगठीवर तेच होतं, कटाची तर्री, हाताचं तेल, क्रीम, सगळं खड्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसतं, आणि तेल लागलं की आतून परतणारा प्रकाश तिथून निसटतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, पाच मिनिटं अंगठी बुडवून ठेवा, मऊ ब्रशनं खड्याच्या मागनं घासा, आणि बेसिनची जाळी आधी बंद करा.